राउटर घेण्याआधी त्याची जागा ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवीन फ्लॅटच्या वायरिंगचे काम घेतले की मी मालकांना पहिल्याच भेटीत विचारतो, इंटरनेटचा राउटर कुठे बसणार? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "कंपनीचा माणूस येईल तेव्हा बघू." गीझरचा पॉइंट कुठे, एसी कोणत्या भिंतीला, देवघरातला दिवा किती उंचीवर, यासाठी अख्खे घर नकाशा घेऊन बसते. राउटरची जागा मात्र जोडणीला आलेल्या मुलावर सोडलेली असते. त्या मुलाला त्या दिवशी आणखी चार घरे करायची असतात आणि वायर मोजून दिलेली असते. तो मुख्य दाराच्या चौकटीवर भोक पाडतो, वायर जिथून आत येते तिथेच स्क्रू मारतो, मोबाइलवर एकदा स्पीड दाखवतो आणि सही घेऊन निघतो. पुढे कित्येक वर्षे मागच्या खोलीत रेंज नसते. मग कोणीतरी सांगितले म्हणून महागाचा राउटर येतो आणि तोही त्याच स्क्रूला लटकतो.

मी सिडकोत राहतो. परवानाधारक वायरमन आहे. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड, मखमलाबाद या भागांत माझी कामे चालतात. पूर्वी मला फोन यायचे ते फ्यूज गेला, मोटर उचलत नाही, यासाठी. आता त्यात "नेट चालत नाही, जरा येऊन बघता का" हे फोनही तितकेच असतात. घरून नोकरी करणारी सून, ऑनलाइन क्लास असलेली मुले, परदेशातल्या नातवाशी बोलणारे आजी-आजोबा, सगळे त्या एका डब्यावर अवलंबून आहेत. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे. मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. वायफाय नीट चालायला हवे तर आधी जागा ठरवायची, मग वायर ओढायची आणि राउटर सगळ्यात शेवटी घ्यायचा. आपल्याकडे सर्रास याच्या उलट चालते.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका टू बीएचकेतले उदाहरण सांगतो. मुलगी बारावीला, नीटची तयारी करणारी. तिची खोली सगळ्यात मागे. राउटर होता हॉलमध्ये, टीव्हीच्या युनिटच्या आत, सेट-टॉप बॉक्सच्या मागे, आणि युनिटच्या दाराला आरसा लावलेला. राउटर आणि मुलगी यांच्यामध्ये तो आरसा, हॉलची भिंत, टाइल्स लावलेले बाथरूम, त्यातले पाण्याचे पाईप आणि शेवटी फ्रिज. क्लास सुरू झाला की ती पोर पॅसेजमध्ये जमिनीवर बसायची, कारण तिथेच चित्र थांबत नसे. वडिलांनी सहा अँटेनांचा राउटर बघून ठेवला होता, चांगल्या सात हजारांचा. मी त्यांना म्हटले, साहेब, तो दुकानातच राहू द्या, आधी एक लांब वायर लावून बघू. जुनाच राउटर पॅसेजमध्ये बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर, लॉफ्टच्या खाली, उघड्यावर ठेवला. प्लॅन शंभर एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिटचा. मुलीच्या खोलीत आधी सहा-सात मिळत होते, ते साठ-सत्तरवर गेले. हॉलमधल्या टीव्हीला काही फरक पडला नाही. नंतर केसिंग पट्टी मारून वायर पक्की केली. सामान आणि मजुरी धरून जे पैसे लागले ते त्या सात हजारांच्या जवळपासही नव्हते.

यात जादू काही नाही. राउटर हा दिव्यासारखा आहे. दिवा कपाटात बंद करून कोणी खोलीत उजेड मागत नाही. त्याच्या लहरी चहूबाजूंना पसरतात, म्हणून तो घराच्या मध्यावर, पाच-सहा फुटांच्या वर आणि मोकळा हवा. लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी आणि माशांची पेटी या पाच गोष्टींच्या मागे तो कधीही ठेवू नये. धातू लहरी परत फेकतो आणि पाणी त्या शोषून घेते. मायक्रोवेव्ह ओव्हनही लांब हवा. ओव्हनही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो आणि तो सुरू असताना त्या पट्ट्यातले वायफाय अडखळते.

आता हे पट्टे काय, तेही सांगतो, कारण राउटरच्या बाबतीत अर्धा गोंधळ इथेच असतो. घरचे वायफाय बहुधा लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालते, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ चा पट्टा लांब जातो आणि भिंतही बऱ्यापैकी ओलांडतो, पण तिथे गर्दी फार. केंद्र सरकारने तो २००५ साली विनापरवाना वापरासाठी मोकळा केला. तेव्हापासून ब्लूटूथ, वायरलेस माउस, कॅमेरे, शेजाऱ्यांचे राउटर असे सगळे त्यातच आहेत. वर त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल (पट्ट्यातल्या वाटा) तीनच, १, ६ आणि ११. इंदिरानगरच्या एखाद्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर उभे राहून मोबाइलमध्ये वायफायची यादी उघडा, शेजाऱ्यांची नावे संपता संपत नाहीत. ५ चा पट्टा रुंद आहे. २०१८ मध्ये सरकारने त्याचा आणखी मोठा भाग खुला केला. त्यात वेग चांगला मिळतो, पण भिंत आली की तो पटकन मंदावतो. अर्ध्या विटेची एक भिंत तो सोसतो. आरसीसीची भिंत किंवा दोन भिंती आल्या की दम सुटतो.

जुन्या नाशकात तर हे फारच जाणवते. रविवार पेठ, जुनी तांबट लेन या बाजूचे वाडे बघा. हात-दीड हात रुंदीच्या भिंती, त्यात दगड-विटा, मधे चौक. ओसरीवर ठेवलेल्या राउटरची रेंज माजघरात पोचत नाही. अशा घरात कितीही अँटेनांचा राउटर आणला तरी पैसे वाया. तिथे एकच इलाज खात्रीचा आहे. पुढच्या राउटरपासून मागच्या भागापर्यंत वायर ओढायची आणि त्या टोकाला दुसरा छोटा राउटर बसवायचा. भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचे रिपीटर बाजारात स्वस्त मिळतात, लोक ते हौसेने आणतात. पण जो रिपीटर त्याच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुढे पाठवतो, त्याचा वेग निम्म्यावर येतो. आणि रेंज जिथे आधीच मेलेली आहे तिथे तो लावला तर त्याला मुळात ऐकूच येत नाही. वायर ओढणे अशक्यच असेल तर रिपीटर लावा, पण अर्ध्या वाटेवर, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे. मेश म्हणून दोन-तीन डब्यांचा संच मिळतो, तो चांगला असतो. तोही आपापसांत वायरीने जोडला तर सर्वांत उत्तम चालतो.

म्हणून बिल्डर मंडळींना आणि नवीन घर घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. स्लॅब आणि प्लॅस्टरच्या आधी इंटरनेटसाठी वेगळा पाईप टाका. मुख्य दाराबाहेरच्या डक्टपासून (इमारतीच्या वायरी वर नेणाऱ्या पोकळीपासून) पॅसेजच्या मध्यापर्यंत एक आणि तिथून प्रत्येक खोलीला एकेक. पाईप एक इंची घ्या. पाऊण इंचीत तयार टोक लावलेली फायबर (इंटरनेटची काचेची तार) बेंडपाशी अडकते आणि मग कारागीर ती ओढून तोडतात. आत ओढतार, म्हणजे पुढे वायर ओढून घ्यायची तार, घालून ठेवा. पॅसेजमध्ये जिथे पाईप निघेल तिथे वर एक मोड्यूलर बॉक्स आणि शेजारी पाच अँपिअरचे दोन सॉकेट. झिरी फोडलेलीच असते, कारागीर तिथेच उभा असतो, त्या वेळी याचा खर्च नगण्य. रंगकाम झाल्यावर हेच करायचे म्हटले तर भिंत फोडा, पुट्टी भरा, सगळे आले. लाखो रुपयांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीचा पॉइंट तीन-तीन ठिकाणी देतात आणि इंटरनेटचा पाईप एकही नसतो, हे मला खरोखर पटत नाही. इमारतीत डिजिटल जोडणीची सोय कशी आहे यावरून तिला तारे देण्याचे विनियम 'ट्राय'ने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२४ मध्ये काढले आहेत. हे मानांकन ऐच्छिक आहे. पण घर बुक करताना ग्राहक हा प्रश्न विचारायला लागले की बिल्डर आपोआप पाईप टाकू लागतील.

या पाईपमध्ये विजेची वायर कधीही घालू नका. सोयीचे पडते म्हणून काही जण एकाच पाईपमधून दोन्ही ओढतात. त्यात धोकाही आहे आणि डेटात खरखरही येते.

वायर कोणती? कॅट-६, आणि निखळ तांब्याची. बाजारात स्वस्त मिळते ती बऱ्याचदा आतून अ‍ॅल्युमिनियमची असते, वर तांब्याचा मुलामा. ओळखायची रीत सोपी आहे. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर परत करा. अशी तार वाकवताना तुटते आणि दोन वर्षांत जोड ढिला होतो. दुसरी गोष्ट टोकाची. त्या वायरीत आठ तारा असतात. घाईत काम करणारे टोकात चारच दाबून बसवतात (क्रिंप करतात), कारण चारांवरही नेट चालते. पण चार तारांवर शंभर एमबीपीएसच्या वर वेग जात नाही. दोनशेचा प्लॅन घेऊन पंच्याण्णववर अडकलेली कितीतरी घरे मी पाहिली. प्रत्येक वेळी चार तारांचे टोक, नाही तर राउटरचे जुन्या पद्धतीचे पोर्ट (वायर खोचायची जागा), या दोनांपैकी एक कारण निघाले.

आता खरेदीकडे येतो. दुकानात गेल्यावर अँटेना मोजू नका. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत पोर्टची माहिती असते, ती वाचा. तिथे १०/१०० लिहिले असेल तर वरचे आकडे कितीही मोठे असोत, तारेने आत येणारा वेग शंभरलाच थांबणार. गिगाबिट किंवा १०/१००/१००० असेल तरच घ्या. खोक्यावर १२०० लिहिलेले असते ते दोन पट्ट्यांची बेरीज असते, २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७. एक मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो आणि प्रत्यक्ष हातात त्याच्या निम्म्याच्या थोडे वर पडते. तरीही शंभर-दोनशेच्या प्लॅनला ते पुरून उरते. ज्या घरात मोबाइल, टीव्ही, कॅमेरे मिळून पंधरा-वीस उपकरणे एकदम जोडलेली असतात त्यांनी वायफाय ६ चा राउटर घ्यावा. अनेक उपकरणांना एका वेळी सांभाळण्याची त्याची पद्धत सुधारलेली आहे. वायफाय ७ ही आता मिळते, पण ज्यांचे मोबाइल जुने आहेत त्यांनी त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. मोबाइलला ती पद्धत समजत नसेल तर राउटर जुन्याच पद्धतीने बोलतो.

एक गोष्ट आवर्जून विचारा, हा राउटर फायबरच्या जोडणीला चालतो का? टेलिफोनचे पिन असलेले जुने एडीएसएल मोडेम-राउटर अजून कुठे कुठे स्वस्तात विकायला असतात. फायबरवाल्यांना त्याचा मोडेम म्हणून काही उपयोग नाही. काचेची बारीक तार येते ती कंपनीच्या पांढऱ्या डब्यात जाते, आपला राउटर त्या डब्याला वायरीने जोडला जातो. आणि कंपनीचा डबा स्वतःच दोन्ही पट्ट्यांचे वायफाय देत असेल तर दुसरा राउटर घ्यायची घाई करू नका. तोच डबा पॅसेजच्या मध्यावर आणा आणि महिनाभर वापरून बघा. तो फक्त २.४ वर चालत असेल तरच खरेदीला निघा.

पैशांचेही सांगतो. जाहिरातीत प्लॅनचा दर असतो त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. ३९९ चा प्लॅन हातात ४७१ ला पडतो. आणि एमबीपीएस म्हणजे फाइल उतरताना दिसणारे एमबी नव्हेत, आठ मेगाबिट मिळून एक एमबी होतो. शंभरच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा एमबीच्या आत फाइल उतरते. हे ठाऊक नसल्यामुळे कितीजण जोडणीवाल्याशी विनाकारण भांडतात.

जोडणीच्या दिवशी घरातले कोणीतरी त्या मुलाजवळ उभे राहा. त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या : पीपीपीओईचे (कंपनीच्या जोडणीत शिरण्याचे) युजरनेम आणि पासवर्ड, राउटरच्या सेटिंगचा पत्ता, तिथला लॉगिन, ग्राहक क्रमांक. सेटिंगचा पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. हा कागद डीबीच्या (घरातल्या विजेच्या स्विचपेटीच्या) दाराला आतून चिकटवा. मी प्रत्येक कामात तसे करतो. पुढे राउटर बदलला किंवा कोणी चुकून रिसेट केला तर या कागदावरून दहा मिनिटांत सगळे परत चालू होते. कागद नसेल तर कंपनीच्या माणसाची वाट बघत बसावे लागते. एका घरी ती वाट शुक्रवारपासून सोमवारपर्यंत बघितली गेली आणि त्यात मुलाचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. शेवटी त्याने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गच्चीत उभे राहून तो दिला.

वायफायचा पासवर्ड तुमचा मोबाइल नंबर ठेवू देऊ नका. जोडणीला येणारी मुले सरसकट तेच करतात, कारण ग्राहकाला लक्षात राहते. पण तो नंबर दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना माहीत असतो. तुमच्या जोडणीवरून कोणी गैरप्रकार केला तर चौकशी आधी तुमच्या दारात येते, कारण जोडणी तुमच्या नावावर असते. बारा-चौदा अक्षरांचा, आपल्याच घरात कळेल असा मराठी शब्द आणि आकडे जोडून पासवर्ड करा. सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. डब्ल्यूपीएस हे पासवर्ड न टाकता जोडणी देणारे बटण बंद ठेवा, त्याचा आठ आकडी पिन फोडता येतो हे २०११ मध्येच उघड झाले आहे. सेटिंगमध्ये जाण्याचा अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन हा लॉगिन त्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणूनच. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळे काढता येते, ते काढा. वायफायच्या नावात फ्लॅट नंबर किंवा आडनाव नको.

दुसरा राउटर मागच्या खोलीत लावायचा असेल तर त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट करा, म्हणजे तो पहिल्याच राउटरचे नेट फक्त पुढे देईल. नव्या राउटरमध्ये तसा पर्याय असतो. जुन्यात नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता बदला, म्हणजे पहिला १९२.१६८.०.१ असेल तर याला १९२.१६८.०.२ द्या. त्याचे डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम) बंद करा आणि वायर त्याच्या वॅन (बाहेरचे नेट आत घेणाऱ्या) पोर्टला न लावता लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टला लावा. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवा, चॅनेल मात्र वेगळे ठेवा, एकाला १ तर दुसऱ्याला ६ किंवा ११. माळ्यावर पडलेला जुना राउटर अशा कामाला छान येतो. कमी पैशात मागची खोली जागी होते.

विजेबद्दल माझ्या धंद्यातले तीन शब्द. राउटर साधारण दहा वॅट खातो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला सव्वासात युनिट. त्यासाठी रोज रात्री बंद करायची गरज नाही. अडॅप्टर जळाला तर नवीन घेताना व्होल्ट तंतोतंत तेच घ्या, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. बारा व्होल्टच्या डब्याला नऊचा लावला तर तो मधूनच बंद पडत राहतो आणि लोक जोडणीला दोष देतात. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही त्या लाइनवर घ्या. एकच घेऊन उपयोग नाही. इन्व्हर्टर नसेल तर छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो पुरेसा आहे. आणि गच्चीवरून तांब्याची लॅन वायर लोंबत घरात आणली असेल तर ती बदलून फायबर घरापर्यंत मागून घ्या. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात आपल्याकडे कडकडाट होतो, तेव्हा अशा वायरीतून झटका येऊन राउटरचे पोर्ट जळते, कधी टीव्हीही जातो. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही. फायबरचे वेटोळे मात्र मुठीपेक्षा लहान करू नका आणि दाराच्या फटीत ती दाबू नका.

सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जागोजागी खोदकाम सुरू आहे आणि जेसीबीच्या दाताखाली केबल येतच राहणार. अचानक नेट गेले तर आधी फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा दिवा बघा. तो लाल असेल तर उजेड आत येतच नाही, म्हणजे तार बाहेर कुठेतरी तुटली आहे किंवा पिन निसटली आहे. अशा वेळी राउटरच्या मागच्या भोकात टाचणी खुपसून रिसेट करू नका. तार जोडली गेल्यावरही मग सेटिंग नसल्यामुळे नेट येणार नाही. दिवा लाल नसेल तर दोन्ही डबे बंद करून आधी फायबरचा चालू करा, दोन-तीन मिनिटे थांबा, मग राउटर. वारंवार जाणे-येणे होत असेल तर कंपनीच्या माणसाला फायबरमधल्या उजेडाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावायला सांगा. उणे १८ ते उणे २४ डीबीएम (त्या ताकदीचे माप) आला तर ठीक, उणे २७ च्या आसपास गेला तर जोडणी तुटू लागते आणि जोड नव्याने करायला हवा.

वेग कमी वाटला तर तक्रार करण्याआधी लॅपटॉप थेट वायरीने राउटरला जोडून मोजा. रात्री नऊ-दहाला एकदा आणि सकाळी एकदा. 'ट्राय'चे मायस्पीड अ‍ॅप मोबाइलवर आहे, पण वायफायवरून मोजलेल्या आकड्यात घरातल्या भिंतींचा दोषही मिसळतो. वायरीवरही कमी आला तर मग तो कंपनीचा दोष. तक्रारीचा नंबर घ्या, दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. कंपन्यांना तो नेमावा लागतो. 'ट्राय' एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. वायरीवर पूर्ण वेग आला तर मात्र कंपनीशी भांडू नका, राउटरची जागा बदला.

शेवटी सोसायट्यांविषयी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. या सभेच्या विषयपत्रिकेत डक्टचा विषय घ्यावा, अशी माझी सर्व अध्यक्ष-सचिवांना विनंती आहे. कितीतरी इमारतींत डक्ट उघडले की कोणाची कुठली वायर हे कळत नाही. सोडून गेलेल्या कंपन्यांच्या वायरी तशाच लोंबत असतात आणि नवीन जोडणी करणारा त्यांच्यावरच आणखी एक टाकतो. कधी तर चुकून शेजाऱ्याची चालू तार कापली जाते. सभेत ठराव करून मेलेल्या वायरी काढून घ्याव्यात, प्रत्येक मजल्यावर एक जंक्शन बॉक्स बसवावा, प्रत्येक वायरीला फ्लॅट नंबर आणि कंपनीची पट्टी लावणे बंधनकारक करावे. गच्चीवरचे कंपन्यांचे स्विच उघड्या पत्र्याच्या डब्यात असतील तर त्यांना अर्थिंग आहे का, तेही तपासून घ्यावे. हे काम कोणत्याही परवानाधारक वायरमनकडून होते आणि त्याच भेटीत पॅसेजचा पाईपही मोकळा आहे की बुजला आहे, हे ओढतार घालून कळते.

आपला,
एक वायरमन
उत्तमनगर, सिडको, नाशिक